समोर ऑल-इन, हातात नव्वीची जोडी: ऑनलाइन पोकर टूर्नामेंटमधला अवघड डाव कसा सोडवायचा

चार जण उरले आहेत आणि बक्षीस तिघांनाच आहे. पहिल्याला एकूण बक्षिसाचे ५० टक्के, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. चौथा रिकाम्या हाताने जाणार. ब्लाइंड १,०००–२,००० आहेत, अँटी (डावाआधी पॉटमध्ये घालायची जादा रक्कम) नाही, आणि डावाच्या सुरुवातीला चौघांकडेही बरोबर ४०,००० चिप्स आहेत. तुम्ही बिग ब्लाइंडला बसला आहात. पानं येतात: इस्पिक नव्वी, बदाम नव्वी. पहिले दोघं पानं टाकतात आणि स्मॉल ब्लाइंडवाला सगळे ४०,००० पुढे सरकवतो. स्क्रीनवरचं घड्याळ सुरू होतं. कॉल की फोल्ड?

इथे बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा: नव्वीची जोडी चांगली की वाईट? या प्रश्नाला उत्तरच नाही. तीच जोडी एका टेबलावर डोळे झाकून कॉल करायची असते आणि दुसऱ्या टेबलावर शांतपणे टाकून द्यायची असते. माझं स्पष्ट मत आहे की अवघड डावात स्वतःची पानं सगळ्यात शेवटी बघावीत. आधी चिप्स, मग कॉलची किंमत, मग समोरचा कशा-कशावर हे करतो ते, मग टूर्नामेंटची अवस्था, आणि त्यानंतर आपली पानं. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की वीस सेकंदांतही नीट विचार होतो. खाली हाच डाव याच क्रमाने उलगडतो. पोकरच्या नो-लिमिट होल्डेम या प्रकाराचे नियम आणि कुठली जोडणी कुणाला हरवते हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

त्याआधी कायद्याबद्दल थोडं. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही, त्यामुळे पोकरही त्यात आलं. म्हणून महाराष्ट्रात बसून खेळणाऱ्यांसाठी ऑनलाइन खेळ म्हणजे फुकट चिप्सच्या टूर्नामेंट. प्रत्यक्ष टेबल हवं असेल तर पणजीत मांडवीवरचे कॅसिनो आहेत. ब्रिटन किंवा न्यू जर्सीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथल्या परवानाधारक साइटवर पैशांच्या टूर्नामेंट खेळता येतात. विचाराची पद्धत तिन्हीकडे तीच. फक्त फुकट चिप्सच्या टेबलावर लोक फार सैल हाताने ऑल-इन जातात, आणि हा फरक किती महत्त्वाचा आहे ते तिसऱ्या पायरीत कळेल.

पहिली पायरी: चिप्स ब्लाइंडमध्ये मोजा

४०,००० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. बिग ब्लाइंड २,००० असताना ४०,००० म्हणजे २० बिग ब्लाइंड, आणि हे २० डोक्यात ठेवायचे. बऱ्याच साइटच्या सेटिंगमध्ये चिप्स थेट बिग ब्लाइंडमध्ये दाखवायची सोय असते. ती चालू करा, प्रत्येक डावातला एक भागाकार वाचतो.

दोघांपैकी ज्याच्याकडे कमी चिप्स आहेत तेवढ्याच खऱ्या अर्थाने डावावर लागतात. तुमच्याकडे ६० ब्लाइंड आणि समोरच्याकडे ९ असतील तर तो ९ ब्लाइंडचा डाव आहे, तिथे तुम्हाला ६० ब्लाइंडचं भय बाळगायचं कारण नाही. उलट समोरच्याकडे तुमच्याइतके किंवा जास्त असतील तर तुमचं सगळं पणाला लागतं. आपल्या डावात दोघांकडे सारखेच २० आहेत. हरलात तर बाहेर.

ढोबळ पट्टे असे. १० ब्लाइंडच्या खाली खेळ जवळपास ऑल-इन किंवा फोल्ड एवढाच उरतो. १५ ते २५ मध्ये दुसऱ्याच्या रेझवर ऑल-इन जाणं हे सगळ्यात धारदार हत्यार असतं. ४० च्या वर फ्लॉपनंतरचा खेळ सुरू होतो आणि तिथे पोझिशनला, म्हणजे चाल कुणाची आधी आणि कुणाची नंतर याला, फार किंमत येते.

दुसरी पायरी: कॉलची किंमत काढा

पॉटमध्ये समोरच्याचे ४०,००० आणि तुमच्या ब्लाइंडचे २,००० आहेत, म्हणजे ४२,०००. कॉल करायला तुम्हाला आणखी ३८,००० टाकावे लागतील. कॉल झाल्यावर पॉट ८०,००० चा होईल. ३८ भागिले ८० म्हणजे ४७.५ टक्के.

याचा अर्थ एवढाच: फक्त चिप्सचा हिशेब केला तर शंभरपैकी साडेसत्तेचाळीस वेळा जिंकलात की कॉल ना नफा ना तोटा. त्याहून जास्त वेळा जिंकत असाल तर चिप्स वाढतात. जिंकण्याच्या या सरासरी वाट्याला पोकरवाले इक्विटी म्हणतात.

ब्लाइंडमध्ये गेलेले २,००० आता तुमचे नाहीत, ते पॉटचे आहेत. 'आधीच एवढे घातलेत' म्हणून कॉल करणारे खूप दिसतात. त्या २,००० मुळे कॉल स्वस्त झाला, एवढाच त्यांचा उपयोग, आणि तो वरच्या भागाकारात येऊन गेला. अँटी असेल तर तीही पॉटमध्ये मिळवायची, तेवढी किंमत आणखी खाली येते.

तिसरी पायरी: समोरचा कशा-कशावर ऑल-इन जातो

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. समोरच्याच्या हातात नेमकी कुठली दोन पानं आहेत याचा अंदाज बांधत बसू नका, तो खेळ जिंकता येत नाही. त्याच्या जागी बसून तो कोणकोणत्या पानांवर असं करेल याची यादी करा. त्या यादीला रेंज म्हणतात.

यादीतली पानं मोजायला दोन आकडे पुरतात. कुठलीही एक ठरावीक जोडी, समजा दोन राण्या, सहा प्रकारे येते. दोन वेगळी पानं, समजा एक्का-राजा, सोळा प्रकारे येतात: चार एकाच रंगाचे, बारा वेगळ्या रंगांचे. तुमच्या हातात दोन पानं असताना समोरच्याला येऊ शकणाऱ्या जोडण्या एकूण १,२२५. नवख्याला वाटतं की मोठ्या जोड्या आणि एक्का-राजा सारख्याच वेळा येतात. पण एक्का-राजा एकटाच १६, आणि एक्क्यांची व राजांची जोडी मिळून १२. ही मोजणी मनात असली की 'त्याच्याकडे नक्की एक्केच असणार' ही भीती बरीच ओसरते.

आता नव्वीची जोडी कुणासमोर कुठे उभी आहे ते बघू. दश्शीपासून वरच्या कुठल्याही जोडीसमोर तिची इक्विटी १९ टक्क्यांच्या आसपास. खालच्या जोडीसमोर ८१. एक्का-राजा, एक्का-गुलाम अशा दोन्ही मोठ्या पानांसमोर साधारण ५४–५५. एक मोठं आणि एक लहान पान, जसं एक्का-पंजी, असेल तर ७० च्या जवळपास. हे चार आकडे पाठ करून टाका, हजार ठिकाणी उपयोगी पडतात.

समजा समोरचा घट्ट खेळणारा आहे. त्याची यादी: दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या पाच जोड्या, म्हणजे ३० प्रकार. नव्व्या फक्त १, कारण दोन तुमच्याकडे आहेत. अठ्ठ्या, सत्त्या, छक्क्या मिळून १८. एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम मिळून ४८. शिवाय एकाच रंगाचे राजा-राणी ४. एकूण १०१, म्हणजे सगळ्या शक्यतांच्या आठ टक्के. आता प्रत्येक गटाची संख्या त्याच्या इक्विटीने गुणा: ३० गुणिले ०.१९ म्हणजे ५.७. नव्व्यांचा अर्धा. १८ गुणिले ०.८१ म्हणजे १४.६. ४८ मधून २६ च्या थोडं वर, आणि राजा-राणीतून २. बेरीज ४९ च्या आसपास. १०१ ने भागा: साडेअठ्ठेचाळीस टक्के.

दुसरा खेळाडू मोकळा. कुठलीही जोडी, कुठलाही एक्का आणि ते राजा-राणी. यात पंजीपासून दुर्रीपर्यंतच्या जोड्या २४, एक्का-दश्शी १६, एक्का-नव्वी ८ आणि एक्क्यासोबत अठ्ठी ते दुर्री ११२ अशी भर पडते. एकूण २६१ प्रकार, एकवीस टक्के. तुमची इक्विटी ६२ च्या घरात जाते. तिसरा खेळाडू पानं न बघता ऑल-इन जाणारा. कुठल्याही दोन पानांसमोर नव्वीची जोडी ७२ टक्के जिंकते.

म्हणजे ४८, ६२ आणि ७२. तुमची पानं तीच, समोरचा ऑल-इन तोच, आणि उत्तरात २४ टक्क्यांचा फरक. म्हणूनच समोरच्याची यादी ठरवण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

आता ऑनलाइन टेबलावर चेहरा दिसत नाही, मग यादी ठरवायची कशावरून? माझ्या मते पुराव्यांची उतरंड अशी आहे. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे आधी उघड झालेली पानं. मागे कधी त्याने एक्का-तिर्री घेऊन ऑल-इन जाऊन ती दाखवली असेल तर ती एक नोंद शंभर तर्कांपेक्षा मोलाची. साइटवर खेळाडूच्या नावाजवळ टीप लिहायची सोय असते. 'स्मॉल ब्लाइंड, १८ ब्लाइंड, एक्का-तिर्री, ऑल-इन' एवढं लिहिलं तरी पुरे. 'हा वेडा आहे' असं लिहू नका, त्यातून पुढच्या वेळी काहीच कळत नाही.

त्यानंतर आकडेवारी. परवानगी असलेल्या साइटवर काही जण खेळाडूंच्या सवयी मोजणारं सॉफ्टवेअर वापरतात: किती टक्के डावांत तो पैसे घालतो, किती टक्क्यांत रेझ करतो. पंधरा-वीस डावांवरून निघालेला आकडा काहीही सांगत नाही. दीडशे-दोनशे डावांनंतर ढोबळ स्वभाव कळतो, तोही स्मॉल ब्लाइंडमधल्या ऑल-इनसारख्या खास प्रसंगाबद्दल नाही.

मग येते त्याची स्वतःची परिस्थिती. स्मॉल ब्लाइंडला त्याच्यासमोर तुम्ही एकटेच उरला होतात. दोघांनी आधीच फोल्ड केलं आहे. बबलवर, म्हणजे आणखी एक जण बाहेर गेला की बाकीच्यांना बक्षीस अशा वेळी, तुम्ही घाबरून टाकाल हे चांगल्या खेळाडूला माहीत असतं, आणि तो त्याच भरवशावर बरीच मोकळी यादी पुढे करतो. हीच चाल पहिल्या जागेवरून, मागे तिघं शिल्लक असताना आली असती तर यादी खूपच आवळून धरली असती. सगळ्यात शेवटी वेळ: झटकन ऑल-इन गेला की थांबून गेला. यावर मी फारच कमी भरवसा ठेवतो. समोरचा चार टेबलं एकदम खेळत असेल, त्याचं नेट अडखळत असेल, दारावरची बेल वाजली असेल. हा पुरावा इतर सगळं समसमान असेल तेव्हाच धरावा.

काहीच माहिती नसेल तर? मधली यादी धरा आणि थोडी घट्टच धरा. अनोळखी माणूस वीस ब्लाइंड एकदम पुढे ढकलतो तेव्हा सहसा त्याच्याकडे काहीतरी असतं. फुकट चिप्सच्या टेबलावर मात्र उलटं धरा.

चौथी पायरी: चिप्सची बक्षिसातली किंमत

आत्तापर्यंतचा हिशेब चिप्सचा होता. टूर्नामेंटमध्ये चिप्स घेऊन काउंटरवर जाता येत नाही, बक्षीस क्रमांकावर मिळतं. त्यामुळे ४०,००० चे ८०,००० झाले म्हणून तुमची किंमत दुप्पट होत नाही. किती होते ते काढायची रीत म्हणजे आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल). त्याच्या मुळाशी डेव्हिड हारव्हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीतल्या क्रमांकांसाठी मांडलेलं सूत्र आहे. पोकरवाल्यांनी घोड्यांच्या जागी खेळाडू आणि जिंकण्याच्या शक्यतेच्या जागी चिप्सचा वाटा घातला.

सूत्र साधं आहे. पहिला येण्याची शक्यता म्हणजे तुमच्या चिप्सचा एकूण चिप्समधला वाटा. दुसरा येण्याची शक्यता काढताना आधी दुसरा कुणीतरी पहिला आला असं धरायचं, त्याच्या चिप्स बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांत तुमचा वाटा बघायचा. असं प्रत्येक शक्यतेसाठी करून बेरीज.

डावाआधी चौघांकडे सारख्या चिप्स, म्हणून प्रत्येकाची किंमत बक्षिसाच्या २५ टक्के. आता कॉल करून जिंकलात असं धरा. तुमच्याकडे निम्म्या चिप्स, उरलेल्या दोघांकडे पाव-पाव. पहिले येण्याची शक्यता ५० टक्के. दुसरे येण्याची: उरलेल्या दोघांपैकी एक पहिला आला तर शिल्लक चिप्समध्ये तुमचा वाटा दोन तृतीयांश, म्हणजे ०.२५ गुणिले दोन तृतीयांश, आणि असे दोन जण, एकूण ३३.३३ टक्के. तिसरे येण्याची १६.६७. आता बक्षिसं लावा: ५० चे निम्मे २५, ३० चा तिसरा हिस्सा १०, २० चा सहावा हिस्सा ३.३३. बेरीज ३८.३३.

चिप्स दुप्पट झाल्या आणि किंमत मात्र २५ वरून ३८.३३ वर गेली. हरलात तर शून्य. टूर्नामेंट पोकरचा अवघडपणा या दोन वाक्यांत आहे.

फोल्ड केलं तर? तुमच्याकडे ३८,०००, त्याच्याकडे ४२,०००, बाकी दोघांकडे ४०–४०. त्याच सूत्राने तुमची किंमत २४.१८ निघते. म्हणजे ब्लाइंड सोडून देण्याचं नुकसान बक्षिसाच्या एका टक्क्याहूनही कमी. आता कॉल परवडायला किती इक्विटी लागेल? २४.१८ भागिले ३८.३३ म्हणजे ६३ टक्के.

चिप्सचा हिशेब ४७.५ मागत होता, बक्षिसाचा हिशेब ६३ मागतो. मधले साडेपंधरा टक्के ही बबलची किंमत.

हा ६३ चा आकडा सगळीकडे लावू नका, तो या चार समान चिप्सवाल्यांचा आहे. टेबलावर कुणाकडे फक्त दोन-तीन ब्लाइंड उरले असतील तर तो आपोआप बाहेर जाण्याची वाट बघणं फार फायद्याचं ठरतं, आणि तुम्हाला कॉलसाठी ६३ हूनही जास्त लागतील. उलट ऑल-इन गेलेल्याकडेच आठ ब्लाइंड, म्हणजे १६,००० असतील तर चित्र पालटतं. तेव्हा १४,००० टाकून १८,००० चा पॉट मिळवायचा आहे, किंमत ४४ टक्क्यांच्या खाली येते. हरलात तरी तुमच्याकडे २४,००० उरतात आणि तुम्ही खेळात राहता. शिवाय आठ ब्लाइंडवाला बराच मोकळेपणाने ऑल-इन जातो. तिथे नव्वीची जोडी टाकणं ही मोठी चूक.

सॅटेलाइट टूर्नामेंट हे याचं टोक. तिथे बक्षीस म्हणजे मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट, आणि ते सगळ्या विजेत्यांना सारखंच मिळतं. दहा तिकिटं आणि अकरा खेळाडू उरले असतील, तुमच्याकडे भरपूर चिप्स असतील आणि तुमच्याइतक्याच चिप्सवाला ऑल-इन गेला, तर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकून द्यावी लागते. जिंकून दुसरं तिकीट मिळत नाही, हरून हातातलं मात्र जातं. ख्रिस मनीमेकर २००३ मध्ये ८६ डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत गेला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकला. ऑनलाइन पोकर त्या विजयानंतर घरोघरी पोचलं. मुख्य स्पर्धेत चिप्स साठवत जावं लागतं, सॅटेलाइटमध्ये तिकीट पक्कं झालं की त्यांचा उपयोग संपतो. दोन्हीकडे एकाच वृत्तीने खेळून चालत नाही.

आयसीएमला काही गोष्टी दिसत नाहीत: तुम्ही टेबलावरच्या बाकीच्यांपेक्षा किती बरे आहात, पुढच्या डावात ब्लाइंड कुणावर येणार, दोन मिनिटांत ब्लाइंड वाढणार आहेत का. तुम्ही उरलेल्यांपेक्षा सरस असाल तर ६३ मध्ये एक-दोन टक्के आणखी घाला, कारण फोल्ड करून हाताशी उरलेल्या चिप्स तुम्ही त्यांच्यापेक्षा चांगल्या वापराल. ब्लाइंड पटापट वाढणाऱ्या टर्बो टूर्नामेंटमध्ये तेवढेच कमी करा. एक-दोन टक्केच, दहा नाही. 'मी यांच्यापेक्षा भारी आहे' म्हणून सगळंच टाकत बसणारे शेवटी चार ब्लाइंडवर येऊन पोचतात.

पाचवी पायरी: आता पानं बघा आणि ठरवा

घट्ट खेळाडूसमोर ४८.५, हवे ६३. फोल्ड, विचार करायचंही कारण नाही. मोकळ्या खेळाडूसमोर ६२, हवे ६३. अगदी काठावर, आणि काठावर असताना मी फोल्ड सुचवतो, कारण यादीच्या अंदाजात दोन-चार टक्के इकडे-तिकडे होणारच आणि चूक झाली तर बाहेर जाण्याची शिक्षा मोठी. प्रत्येक डावाला रेटून ऑल-इन जाणाऱ्यासमोर ७२, तिथे कॉल. हाच डाव बक्षिसापासून खूप दूर, साठ-सत्तर जण उरलेले असताना आला असता तर ४७.५ च पुरले असते आणि तिन्ही खेळाडूंसमोर कॉल बरोबर ठरला असता. घट्ट खेळाडूसमोर जेमतेम, पण बरोबर.

दोनापेक्षा जास्त वाटा असतील तेव्हा

ऑल-इनला उत्तर देणं तसं सोपं, कारण पर्याय दोनच. खरी गुंतागुंत समोरून साधा रेझ येतो तेव्हा. बक्षीस अजून दूर आहे, ब्लाइंड तेच १,०००–२,०००, आता एकूण २,००० ची अँटीही आहे. तुमच्याकडे ५०,०००, म्हणजे २५ ब्लाइंड. तुम्ही बिग ब्लाइंडला, हातात त्याच नव्व्या. बटनच्या अलीकडचा, म्हणजे कटऑफचा खेळाडू ४,४०० चा रेझ करतो, त्याच्याकडे तुमच्याहून जास्त चिप्स आहेत. बाकी सगळे फोल्ड.

कॉल केलात तर २,४०० टाकून ९,४०० चा पॉट. किंमत फक्त २० टक्के. एवढ्या स्वस्तात नव्वी टाकायचा प्रश्नच नाही. पण फ्लॉपवर तिसरी नव्वी बारा टक्केच वेळा येते, आणि नव्वीपेक्षा मोठं किमान एक पान तब्बल ७९ टक्के वेळा येतं. म्हणजे पाचपैकी चार वेळा तुम्ही, तेही पहिली चाल तुमची असताना, नव्वीहून मोठं पान पडलेल्या टेबलाकडे बघत बसणार.

दुसरी वाट थेट ऑल-इन. तुम्ही आणखी ४८,००० पुढे करता. समजा समोरचा दहापैकी सहा वेळा फोल्ड करतो. त्या सहा वेळा ९,४०० तुमचे, सरासरी ५,६४०. उरलेल्या चार वेळा तो चांगल्या पानांवर कॉल करतो आणि तुमची इक्विटी ४० टक्क्यांवर येते असं धरू. तेव्हा १,०३,००० च्या पॉटमधला तुमचा वाटा ४१,२००, घातले ४८,०००, तोटा ६,८००. चार दशांश वेळा, म्हणजे २,७२०. वजा जाता नफा २,९२०, जवळपास दीड ब्लाइंड. फायदा कुठून आला ते नीट बघा: कॉल झाल्यावर तोटाच आहे, सगळी कमाई त्याच्या फोल्डची आहे.

आता रेझ पहिल्या जागेवरून घट्ट खेळाडूने केला आहे असं धरा. तो दहापैकी तीनच वेळा टाकतो. तीन दशांश गुणिले ९,४०० म्हणजे २,८२०. सात दशांश गुणिले ६,८०० म्हणजे ४,७६०. निव्वळ तोटा १,९४०. तिथे कॉल करून फ्लॉप बघणं हेच शहाणपण. कटऑफ किंवा बटनवरून सैल रेझ आला तर ऑल-इन, पहिल्या जागांवरून घट्ट रेझ आला तर कॉल, ही विभागणी २५ ब्लाइंडला मधल्या जोड्यांसाठी बहुतेक वेळा टिकते. मधला मार्ग म्हणून दहा-अकरा हजारांचा छोटा उलटा रेझ अनेकांना आवडतो. मला २५ ब्लाइंडला नव्व्यांवर तो पटत नाही: समोरून ऑल-इन आला की पाचवा हिस्सा आधीच गेलेला असतो आणि पुन्हा तोच अवघड प्रश्न, आता जास्त महाग होऊन, समोर उभा राहतो.

कॉल केलात तर फ्लॉप पडायच्या आधीच पुढचा बेत ठरवा. फ्लॉप आला राजा, सत्ती, तिर्री. पॉट ११,८००. तुम्ही चेक, समोरचा ३,९०० लावतो. किंमत पुन्हा २० टक्क्यांच्या आसपास. एवढी छोटी बेट तो जवळपास सगळ्याच पानांवर लावतो, म्हणून एकदा कॉल. टर्नवर काही न बदलता त्याने पॉटच्या दोन तृतीयांश किंवा जास्त लावलं की बहुतेक खेळाडूंसमोर फोल्ड. टर्नवर त्याने चेक केलं तर तुमची जोडी सहसा पुढे आहे, रिव्हरवर छोटी बेट लावून पैसे मागायला हरकत नाही. हा बेत आधी ठरलेला असला की टर्नवर घड्याळ पळत असताना नव्याने सुरुवात करावी लागत नाही.

घड्याळ आणि माऊस

बहुतेक साइट नेहमीच्या वेळेखेरीज राखीव वेळही देतात. तो पहिल्या तासात फुटकळ डावांवर उडवू नका, बबल आणि शेवटच्या टेबलासाठी ठेवा. बक्षीस जवळ आलं की लॉबी उघडून तीन गोष्टी आधीच पाहून ठेवा: किती जण उरले, कितीजणांना बक्षीस, आणि तुमच्यापेक्षा कमी चिप्सवाले किती. ही माहिती ऑल-इन आल्यावर शोधायला गेलात तर विचाराला वेळ उरत नाही. एकाहून जास्त टेबलं खेळत असाल तर बबलवर नवीन टेबल उघडू नका.

डाव चालू असताना उत्तर सांगणारं सॉफ्टवेअर वापरणं हा मोठ्या साइटवर सरळ नियमभंग आहे आणि खातं बंद होऊ शकतं. अभ्यास डावानंतर करायचा.

डाव संपल्यावर

डाव जिंकलात की हरलात हे थोडा वेळ बाजूला ठेवा. साइटवर प्रत्येक डावाची नोंद मिळते, ती उघडा आणि समोरच्याची पानं दिसली असली तरी आधी कागदावर लिहा: ठरवताना मी त्याची कोणती यादी धरली होती? मगच इक्विलॅबसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती यादी भरा आणि तुमची इक्विटी बघा. बबलचा डाव असेल तर आयसीएम काढणारं एखादं कॅल्क्युलेटर वापरा, चिप्स आणि बक्षिसं भरली की लागणारी टक्केवारी लगेच मिळते. अंदाज आणि उत्तर यांत कुठे अंतर पडलं ते शोधा: यादीत, किमतीत, की बक्षिसाच्या हिशेबात? बहुतेकांचं अंतर यादीत निघतं.

सरावासाठी वरचाच बबलचा डाव घ्या आणि नव्व्यांच्या जागी वेगळ्या रंगांची एक्का-राणी धरा. दिसायला ती जास्त देखणी, आणि तुमच्याकडचा एक्का समोरच्याच्या एक्क्यांच्या जोड्या सहावरून तीनवर आणतो, राणी तिच्या जोड्यांचंही तेच करते. एक्का-राजा सोळावरून बारावर येतो, एक्का-राणी नऊवर. घट्ट खेळाडूची तीच यादी पुन्हा मोजा, आता १०१ ऐवजी ८४ प्रकार भरतील. पण त्यातल्या सगळ्या जोड्यांसमोर, अगदी छक्क्यांसमोरही, एक्का-राणी मागेच असते, आणि एक्का-राजासमोर तर २५ टक्क्यांवर येते. बेरीज केलीत तर इक्विटी ४४ च्या आसपास निघेल, नव्व्यांपेक्षा चार टक्क्यांनी कमी. म्हणजे घट्ट खेळाडूसमोर ही एक्का-राणी बबलपासून दूर असतानाही, ४७.५ च्या किमतीला, फोल्डच.